मानस

चोडणच्या खाजनात नदीकडच्या लाकडी दाराला
मानस म्हणतात.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे कळलं
आणि मी एकटीच हसले होते:
हातात क्षारमापक, गुडघ्यापर्यंत चिखल,
समोर मन, चार फळ्यांचं,
बांधात बसवलेलं.

भरती आली की नदीच त्याला ढकलून मिटवते.
ओहोटीला शेतातलं पाणी आतून उघडतं.
राखण लागत नाही.
फळ्या तेवढ्या कुजतात. त्या माणसांनीच बदलायच्या.

पाद्री सिप्रियान दर गुरुवारी बांधावर येतात.
काळी छत्री, प्लास्टिकच्या चपला,
एकतीस वर्षं सेमिनरीत तर्कशास्त्र शिकवून
खरखरीत झालेला आवाज.
"आज मीठ किती?"
मी आकडा सांगते. ते मान डोलावतात.
आकड्यांवर त्यांची श्रद्धा माझ्याहून दांडगी.

एकदा म्हणाले,
"तुझ्या तक्त्यात उद्याची भरती सहा चाळीसला.
उद्या कालसारखाच वागेल, हे कुठं सिद्ध केलंस?"
"नाही केलं," मी म्हटलं.
"पण चुकलं तर खोडते. तुम्ही काय खोडता?"

चिपीच्या मुळांत काहीतरी टकटक करत होतं.
बराच वेळ तेवढंच.

मग म्हणाले:
"मी सव्वीस वर्षांचा. नवा झगा, नवी विद्या.
इनासच्या घरी मूल जन्मलं, जन्मताच गार.
तो गाठोडं घेऊन सिमितेरीच्या दारात आला.
बाप्तिस्मा नाही, तर पवित्र माती नाही.
याला बाप्तिस्मा नाही.
म्हणून.
त्या 'म्हणून'वर मी पाय रोवून उभा राहिलो, मुली.
तो पक्का होता. आजही पक्काच आहे,
माझा एकही विद्यार्थी त्यात खोट काढू शकला नसता.
इनास भिंतीबाहेर गेला. इथं.
या मानसापासून अकरा पावलं.

खूप वर्षांनी थोरामोठ्यांनी विचार करून लिहिलं,
अशा मुलांसाठी आशा धरायला जागा आहे.
तर्कानंच लिहिलं. त्याच तर्कानं.
फक्त सुरुवात दुसरीकडून केली, दयेकडून.
मी तो कागद घेऊन इनासकडे गेलो.
तोवर तो ठार बहिरा.
मी ओरडून ओरडून वाचला, शेजारीपाजारी गोळा झाले.
तो म्हणाला, पाद्री, शेवटे आलेत ताजे, घेऊन जा."

"नेलेत?"
"नेले. खाल्लेही."

आणि जरा थांबून:
"देव नाही खोडला मी.
'म्हणून' मात्र जपून वापरतो."

मला तेव्हा सांगता आलं असतं.
तीन वर्षांपूर्वी, श्रावणात, एक आकडा उसळला होता.
नदी गोडी झालेल्या दिवसांत एवढं खारं?
उपकरणाचा दोष, असं लिहून मी तो वगळला.
आलेख सुरेख आला, साहेबांनी भिंतीवर लावला.
भाद्रपदाच्या अमावास्येला बांध तिथंच फुटला,
चौदा घरांचा कोरगूट भात लोंबीसकट मेला.
नाही सांगितलं.
आमच्याकडे कबुलीची पेटी नसते,
तळटीप असते, तीही बारीक अक्षरांत.

पाणी चढू लागलं.
मानस कुरकुरलं, मिटत आलं.
पुरतं मिटत नाही ते कधीच,
फटींतून थोडी नदी आत येते
आणि पोयीत सुंगटं जगतात तिच्यावर.

पाद्री तोंडातल्या तोंडात मोजत चालले.
नवव्या पावलाशी थांबले. पाय आता आखडता पडतो म्हणाले,
पूर्वी अकरात व्हायचं.
मी मापक पुन्हा पाण्यात सोडला.
आकडा थरथरत होता, स्थिरावायला वेळ घेतो.
पलीकडे रायबंदरच्या फेरीनं भोंगा दिला, शेवटून दुसरी.
त्यांनी छत्री मिटली
आणि आकडा यायची वाट पाहत
माझ्याशेजारी उभे राहिले.